टेबल सॉसाठी वेगळा मायटर गेज घेताना आधी खाच मोजा, मग अंश पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका हौशी सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांकडे १० इंची पात्याची, ॲल्युमिनियमच्या टेबलाची हलकी टेबल सॉ आहे. तिच्यासोबत आलेला मायटर गेज, म्हणजे लाकूड हव्या त्या कोनात धरून टेबलातल्या खाचेवरून पात्याकडे सरकवायचे साधन, खाचेत हलतो, आणि ४५ अंशांवर कापलेल्या फोटोफ्रेमचा चौथा कोपरा काही केल्या मिटत नाही. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाबरोबर इन्क्रा, क्रेग किंवा ऑस्बोर्न यांपैकी एखादा गेज मागवावा, की इथेच ऑनलाइन मिळणारा स्वस्त, बिननावाचा घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे. त्यांचे काम मुख्यतः सागवानाच्या फ्रेमा आणि लहान पेट्या असे असून अधूनमधून कपाटाची दारेही ते करतात.

माझे मत आधीच सांगतो. गेजची किंमत त्यावर किती अंश कोरलेले आहेत यावर ठरवू नये. खाचेत सरकणारी पट्टी तुमच्या टेबलाच्या खाचेत किती नेमकी बसते, आणि एकदा हलवलेला कोन परत लावल्यावर तो जिथल्या तिथे येतो का, या दोन गोष्टींसाठी पैसे द्यावेत. बाकीचे बरेचसे घरी करता येते.

चौथाच कोपरा का उघडतो, हे आकड्यांत पाहिलेले बरे. चौकोनी फ्रेमला आठ काप असतात. प्रत्येक काप ४५ ऐवजी ४४.९ अंशांचा झाला, म्हणजे फक्त एक दशांश अंशाची चूक झाली, तरी पहिले तीन कोपरे दाबून मिटवल्यावर आठही चुकांची बेरीज शेवटच्या कोपऱ्यात येते आणि तिथे ०.८ अंशाची फट राहते. फ्रेमची पट्टी ५० मिलिमीटर रुंद असेल तर तिरप्या कापाची लांबी सुमारे ७१ मिलिमीटर भरते आणि एका टोकाला फट जवळपास १ मिलिमीटर दिसते. सागवानावर पॉलिश मारल्यानंतर ती लांबूनही दिसते. अष्टकोनी फ्रेम केली तर काप सोळा होतात आणि तीच चूक दुप्पट होते. आता गेजच्या डोक्याची, म्हणजे अंश कोरलेल्या फिरत्या भागाची, त्रिज्या ७५ मिलिमीटर धरली, तर तिच्या कडेवर १ अंश म्हणजे सुमारे १.३ मिलिमीटर आणि एक दशांश अंश म्हणजे ०.१३ मिलिमीटर. केवळ रेघेवर काटा लावून एवढा फरक डोळ्यांनी पकडता येत नाही, त्यामुळे सोबत आलेल्या गेजवर कितीही काळजीपूर्वक ४५ लावले तरी ते ४५ असेलच असे नाही. दोष हाताचा नसतो.

मात्र गेजला दोष देण्याआधी यंत्र तपासावे लागते, आणि हे काम बहुतेक जण टाळतात. मायटर गेज खाचेच्या आधाराने चालतो, म्हणून पाते खाचेला समांतर असलेच पाहिजे. प्लग काढून पाते पूर्ण वर करावे, एका दातावर खूण करावी, तो दात पुढच्या बाजूला आणून खाचेपासूनचे त्याचे अंतर मोजावे, मग पाते हाताने फिरवून तोच दात मागच्या बाजूला न्यावा आणि पुन्हा मोजावे. एकच दात वापरायचा, कारण पाते किंचित वाकडे असेल तरी त्या वाकडेपणाचा मोजमापावर परिणाम होत नाही. डायल गेज असेल तर उत्तम, नसेल तर खाचेत बसणाऱ्या लाकडी ठोकळ्यात एक स्क्रू आडवा बसवून त्याचे डोके दाताला टेकवावे आणि फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, पाहावी. दोन मोजमापांत ०.१ मिलिमीटरच्या आत फरक असेल तर पुढे जावे, जास्त असेल तर टेबलाखालचे बोल्ट सैल करून पाते आधी सरळ करावे. हे न करता महागातला महाग गेज आणला तरी पात्याचा मागचा भाग कापलेली कड पुन्हा खरवडत राहील, आणि खापर नव्या गेजवर फुटेल. पाते टेबलाला काटकोनात उभे आहे की नाही, हेही याच वेळी गुण्या लावून पाहून घ्यावे.

यानंतर खाच मोजावी. अमेरिकी बाजारातल्या बहुतेक टेबल सॉंची खाच पाऊण इंच रुंद आणि तीन अष्टमांश इंच खोल असते, म्हणजे आपल्या सुतारी भाषेत सहा सूत रुंद आणि तीन सूत खोल. मिलिमीटरमध्ये ती १९.०५ बाय ९.५ होते. वर विचारलेले सगळे गेज याच मापासाठी केलेले आहेत. मात्र हलक्या यंत्रांत हे माप गृहीत धरता येत नाही. काही ठिकाणी खाच अरुंद असते, काही ठिकाणी उथळ असते, काही टेबलांत तिच्या वरच्या कडांना मध्येमध्ये ओठ काढलेले असतात. आपल्याकडे लहान कारखान्यांत रंधा आणि करवत एकत्र असलेली जी देशी यंत्रे दिसतात, त्यांत तर खाचेचे माप बनवणाऱ्यागणिक बदलते. म्हणून व्हर्निअर कॅलिपरने पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन ठिकाणी रुंदी घ्यावी आणि खोलीही घ्यावी. मध्ये १९.१ आणि टोकांना १९.३ असे काही निघाले तर मध्ये घट्ट बसणारी पट्टी टोकांना हलणारच. खोली पट्टीच्या जाडीपेक्षा कमी भरली तर पट्टी वर उचलली जाईल आणि डोके टेबलाला टेकणार नाही. असा गेज कितीही सवलतीत मिळाला तरी घेऊ नये.

खाचेच्या तळाशी दोन्ही बाजूंना कोरलेले असेल, म्हणजे तिचा आडवा छेद उलट्या टी अक्षरासारखा असेल, तर पट्टीच्या टोकाला बसवलेली चकती त्या कोरीव भागात अडकते. तिचा उपयोग लहान टेबलावर विशेष होतो. तीनशे मिलिमीटर रुंदीची फळी आडवी कापायला घेतली की गेज सुरुवातीला टेबलाच्या पुढे निम्म्याहून अधिक बाहेर लोंबतो, आणि ही चकती नसेल तर तो डोक्याच्या वजनाने खाली झुकतो. खाच साधी असेल तर चकती काढून टाकावी लागते, आणि मग रुंद फळीचा काप सुरू करताना गेज एका हाताने उचलून धरण्याची कसरत आली.

आता पट्टीच्या खेळाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गेजची खरी परीक्षा इथे होते. पट्टी खाचेत ०.२ मिलिमीटर हलत असेल आणि तिची ३०० मिलिमीटर लांबी खाचेत असेल, तर गेज सुमारे ०.०४ अंशाने इकडेतिकडे वळू शकतो. हे फारसे वाटत नाही, पण वर म्हटल्याप्रमाणे पट्टी अर्धी बाहेर असताना खाचेतली लांबी १५० मिलिमीटरच उरते आणि तोच खेळ दुप्पट कोनाचा होतो. शिवाय ही चूक दर कापाला वेगळी असते, त्यामुळे ती मोजून सुधारता येत नाही. चांगल्या गेजच्या पट्टीत म्हणूनच बाजूंना फुगवता येणारी सोय असते. क्रेगच्या पट्टीत बाजूने नायलॉनच्या टोकाचे छोटे स्क्रू आहेत, ते ॲलन कीने थोडेथोडे बाहेर काढायचे. इन्क्राच्या पट्टीत बसवलेल्या चकत्या वरून स्क्रू फिरवला की फुगतात आणि खाचेच्या दोन्ही भिंतींना टेकतात. मला दुसरी रचना अधिक आवडते, कारण पट्टी टेबलावरून न उचलता जागच्या जागी हलक्या हाताने जुळवता येते. स्वस्त गेजमध्येही स्प्रिंग आणि गोळीची सोय असते, पण आडव्या जोराने स्प्रिंग दबते आणि खेळ परत येतो. ती रचना पट्टी घट्ट असल्याचा आभास निर्माण करते, एवढेच.

जुन्या गेजचा खेळ काढायचा एक फुकटचा उपायही आहे. पोलादी पट्टीच्या कडेवर सेंटर पंचने थोड्या थोड्या अंतरावर ठोके मारले की खळग्याभोवतीचा धातू किंचित उठतो, आणि मग कानशीने एकेक उंचवटा घासत पट्टी खाचेत अडकणार नाही इतपत बसवता येते. नवा गेज घ्यायचा की नाही हे ठरवण्यापूर्वी प्रश्नकर्त्यांनी हे जरूर करून पाहावे. त्याबरोबर कापताना पट्टी नेहमी खाचेच्या एकाच भिंतीला दाबून सरकवण्याची सवय लावली, तर उरलासुरला खेळही निरुपद्रवी होतो.

डोक्याच्या बाबतीत पाहायचे ते खटके, म्हणजे ठरावीक कोनांवर डोके अडकवून ठेवणाऱ्या जागा. साध्या गेजमध्ये स्प्रिंगवरची गोल पिन भोकात बसते, भोक पिनपेक्षा थोडे मोठे असावेच लागते आणि वापराने ते आणखी मोठे होते. इन्क्राच्या व्ही मालिकेत पाचरीसारखा दात इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेत जाऊन बसतो, आणि पाचर असल्यामुळे झीज झाली तरी ती खोलवर रुतून खेळ भरून काढते. व्ही२७ या साध्या नमुन्यात दर ५ अंशांवर अशा खाचा आहेत आणि दोन्ही बाजूंना २२.५ अंशांची एकेक जादा खाच आहे. चौकोन, षटकोन आणि अष्टकोन यांना लागणारे ४५, ३० आणि २२.५ हे तिन्ही कोन त्यात आले. दर अंशाला किंवा त्याहूनही बारीक खटके असलेले महागडे नमुने पाहायला फार देखणे असतात, पण ज्याला पाच किंवा दहा बाजूंच्या परड्या करायच्या नाहीत त्याने त्यांच्यापायी जादा पैसे का घालवावेत, हे मला कळत नाही. क्रेगने वेगळा मार्ग घेतला आहे. तिथे नेहमीच्या मोजक्या कोनांना खटके आहेत आणि मधल्या कोनांसाठी व्हर्निअर पट्टी आहे, जिच्यावर एक दशांश अंश वाचता येतो. जुन्या घराच्या भिंतींचा कोपरा ८९ अंशांचा निघतो, तिथे असा गेज उपयोगी पडतो. खटक्यांच्या गेजवर खटक्यापासून अगदी थोडेसे बाजूला जायचे असेल तर दात पुन्हा पुन्हा खाचेत घसरतो, हा अनुभव कुणालाही येईल.

खटके कारखान्यातच एकमेकांच्या सापेक्ष नेमके कोरलेले असतात, आपल्याला फक्त शून्याची जागा, म्हणजे पात्याशी ९० अंशांचा काप देणारी जागा, जुळवायची असते. ती जुळवण्याची सोय गेजमध्ये आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वी माहितीपत्रकात किंवा प्रत्यक्ष पाहावे. बिननावाच्या गेजमध्ये पुष्कळदा ९० चा खटका बरोबर लागतो आणि ४५ चा चुकतो, आणि मग करण्यासारखे काही उरत नाही.

ऑस्बोर्नचा ईबी-३ हा वेगळ्याच घडणीचा आहे. त्याच्या फेन्सला, म्हणजे लाकूड टेकवायच्या डोक्यावरच्या लांब पट्टीला, एका बाजूने तिरका दांडा आधार देतो, त्यामुळे पट्टी, फेन्स आणि दांडा यांचा त्रिकोण होतो आणि लांब फेन्सच्या टोकाला दाब दिला तरी ती लवत नाही. मोठ्या ओतीव लोखंडी टेबलावर लांब फळ्या कापणाऱ्यांसाठी तो चांगलाच आहे. हलक्या ॲल्युमिनियमच्या टेबलावर मात्र तो बोजड होतो, आणि पुण्याच्या फ्लॅटमधल्या किंवा गॅरेजमधल्या जागेत तो टांगायचा कुठे, हा प्रश्न उभा राहतो. प्रश्नकर्त्यांना मी तो सुचवणार नाही.

फेन्सबद्दल मला फारसे सांगायचे नाही, कारण ती घरी करता येते. सरळ रंधलेली सागवानाची किंवा चांगल्या १८ मिलिमीटर प्लायची, ६०० मिलिमीटर लांब आणि ७५ मिलिमीटर उंच पट्टी डोक्याला स्क्रूने लावली की काम होते. तिची खालची कड थोडी तासून घ्यावी, म्हणजे भुसा तिथे साचून लाकूड फेन्सपासून दूर ढकलत नाही. पाते तिच्यातून एकदा गेले की कापाची नेमकी जागा समोर दिसते आणि लाकडाच्या मागच्या कडेला आधार मिळून चिपा उडत नाहीत. तिरपा काप घेताना पात्याच्या ओढीने लाकूड फेन्सवरून किंचित सरकते, त्यासाठी फेन्सवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवावा. ॲल्युमिनियमच्या फेन्सची खरी किंमत तिच्यावरच्या फ्लिप स्टॉपमध्ये, म्हणजे लांबी ठरवणाऱ्या वर उचलता येणाऱ्या अडसरात, आहे. फ्रेमच्या समोरासमोरच्या दोन बाजू अर्धा मिलिमीटर लहानमोठ्या झाल्या तर कोन कितीही नेमके असले तरी कोपरे मिटत नाहीत, आणि दर वेळी पेन्सिलीच्या खुणेवर कापून सारखी लांबी साधत नाही. घरच्या फेन्सला क्लॅम्पने लावलेला ठोकळाही तेच काम करतो, फक्त तो हलला तर नाही ना हे पाहत राहावे लागते.

यावरून निवड अशी होते. केवळ फ्रेमा आणि पेट्या करायच्या असतील तर व्ही२७ सारखा बिनफेन्सचा, नेमक्या पट्टीचा आणि नेमक्या खटक्यांचा गेज घ्यावा आणि फेन्स घरी करावी. स्टॉपसह सगळे तयार हवे असेल आणि पैसे थोडे अधिक गेले तरी चालणार असतील तर क्रेगचा २४ इंची फेन्सचा संच घ्यावा. दोन्ही घेण्यापूर्वी खाचेची रुंदी पाऊण इंचाच्या आसपास आहे याची खात्री हवी, कारण अमेरिकेहून आलेली वस्तू बसली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. रुंदी त्यापेक्षा स्पष्टपणे कमी निघाली तर गेजचा विचार सोडून स्लेड, म्हणजे खालच्या पट्ट्यांवर खाचेतून सरकणारा प्लायचा पाटा, करावी.

स्लेडचा पर्याय मी केवळ नाइलाज म्हणून सांगत नाही. फोटोफ्रेमपुरते बोलायचे तर ४५ अंशांची स्लेड कोणत्याही गेजपेक्षा सरस असते, आणि त्याचे कारण भूमितीत आहे. प्लायच्या पाट्यावर दोन फेन्स एकमेकांशी नेमक्या काटकोनात बसवल्या आणि कोपऱ्याचा एक काप डावीकडच्या फेन्सवर, दुसरा उजवीकडच्या फेन्सवर घेतला, की एक काप ४५.२ चा झाला तर दुसरा आपोआप ४४.८ चा होतो आणि कोपरा ९० चाच राहतो. म्हणजे इथे दोन फेन्समधला काटकोन तेवढा सांभाळायचा. तो जुळवायला चांगला गुण्या पुरतो, आणि तो हाताशी नसेल तर शाळेच्या कंपासपेटीतला मोठा प्लास्टिकचा गुण्याही कामचलाऊ म्हणून पुष्कळ बरा. कपाटाच्या दारांसारख्या रुंद फळ्यांसाठीही काटकोनी स्लेडच बरी, कारण ती फळीला खालून आधार देते आणि तिची पट्टी लांब असते. एक सावधगिरी आपल्या हवेची आहे. स्लेडच्या खालच्या पट्ट्या लाकडाच्या केल्या तर उन्हाळ्यात गुळगुळीत चालणारी स्लेड जुलैत खाचेत अडकून बसते, कोकणात आणि मुंबईत तर हमखास. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या किंवा नायलॉनच्या पट्ट्या वापराव्यात. ओतीव लोखंडी टेबल असेल तर पावसाळ्यात खाचेतही मेण लावत जावे, कारण तिथला गंज डोळ्यांना दिसत नाही पण पट्टीला लगेच लागतो.

गेज आला की तो जुळवण्यासाठी पाच कापांची पद्धत वापरावी. साधारण ४०० मिलिमीटर बाजूचा एमडीएफचा चौरस तुकडा घ्यावा. गेज शून्यावर लावून एक बाजू कापावी, मग नुकतीच कापलेली बाजू फेन्सला टेकवून पुढची कापावी, आणि तुकडा त्याच दिशेने फिरवत चारही बाजू संपवाव्यात. पाचवा काप पुन्हा पहिल्या बाजूवर घ्यावा, पण या वेळी २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी सुटी पडेल असा. त्या पट्टीच्या दोन्ही टोकांची रुंदी कॅलिपरने घ्यावी. समजा एका टोकाला २५.३० आणि दुसऱ्याला २५.१० भरली. फरक ०.२० आहे, पण तो चार कापांत साचलेला आहे, म्हणून खरी चूक दर कापाला ०.०५ मिलिमीटर, तीही ४०० मिलिमीटर लांबीत. हे एका अंशाच्या शंभराव्या भागापेक्षा कमी आहे आणि एवढ्यावर थांबायला हरकत नाही. फरक १ मिलिमीटरच्या वर असेल तर शून्य थोडे सरकवून पुन्हा पाच काप घ्यावेत. फरक वाढला तर उलट्या दिशेने सरकवावे. पट्टीचे स्क्रू किंवा चकत्या ही परीक्षा घेण्यापूर्वी जुळवायच्या. नंतर जुळवल्या तर सगळे आकडे व्यर्थ जातात.

गेज नवा आला की जोडीने आणखी एक मोह होतो, तो म्हणजे सारख्या लांबीचे तुकडे कापताना रिप फेन्सलाच, म्हणजे फळी उभी चिरताना टेकवायच्या पात्याला समांतर फेन्सला, स्टॉप बनवण्याचा. हे कधीही करू नये. गेज आणि रिप फेन्स यांच्यामध्ये सुटा झालेला तुकडा पाते आणि फेन्स यांत तिरका अडकतो आणि अंगावर फेकला जातो. रिप फेन्सवरून लांबी घ्यायचीच असेल तर पात्याच्या बऱ्याच अलीकडे फेन्सला एक ठोकळा क्लॅम्प करावा, लाकूड त्याला टेकवून माप घ्यावे आणि पात्याजवळ पोहोचेपर्यंत ते ठोकळ्यापासून सुटलेले असावे. रिव्हिंग नाइफ, म्हणजे पात्याच्या मागे उभी असलेली पातळ पोलादी पट्टी, अशा कापांना आड येत नाही, ती काढून ठेवण्याचे कारण नाही. तसेच पाते तिरके करून कापायचे असेल तर ते ज्या बाजूला झुकते तिच्या विरुद्ध बाजूच्या खाचेत गेज चालवावा. ॲल्युमिनियमची फेन्स पात्यापासून दूर आहे का, हे यंत्र बंद असताना पाते हाताने फिरवून पाहावे. अमेरिकेतील ज्या मराठी मंडळींकडे सॉस्टॉप, म्हणजे बोट लागताच पाते थांबवणारी टेबल सॉ, आहे त्यांनी तर हे डोळ्यांत तेल घालून पाहावे, कारण धातूची फेन्स फिरत्या पात्याला लागली की ते यंत्र तिला बोट समजते, ब्रेक उडतो आणि ब्रेकची कार्ट्रिज व पाते दोन्ही बदलावी लागतात.

सोबत आलेला जुना गेज टाकून देऊ नये. पंचने पट्टी जुळवून, त्यावर लाकडी फेन्स बसवून तो कायमचा ४५ वर घट्ट करून ठेवावा आणि नवा गेज ९० वर राहू द्यावा. अशाने पेटीच्या कामात दर थोड्या वेळाने कोन बदलावा लागत नाही, आणि नव्या गेजचा जुळवलेला शून्यही जागचा हलत नाही.